सात नंबरचा वॉल्व्ह

"उद्या टेकडीच्या रस्त्यावर डांबर पडतंय," नवरा चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "आज संध्याकाळपासून वरचं पाणी बंद ठेव."

"पत्र दे," ती म्हणाली.

"कुणाला? बायकोला?"

"पाणीपुरवठा विभागाला."

"अगं, माझ्या टेबलावरून निघालेलं पत्र जावक, आवक, मोठे साहेब असं करत तुझ्या टेबलावर यायला तीन दिवस लागतात. डांबर उद्या सकाळी सातला येतंय. गरम. ते काय तुझ्या पत्रासाठी थांबणार आहे?"

बिस्किटाचा बुडलेला भाग तुटून कपात पडला. तो चमच्याने त्याचा शोध घेऊ लागला आणि विषय तिथेच मिटल्यासारखा झाला.

दोघंही पालिकेत कनिष्ठ अभियंता होते. एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत. तिच्याकडे पाणी, त्याच्याकडे रस्ते. कचेरीत तिला सगळे पाणीबाई म्हणत आणि त्याला डांबरसाहेब. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा एका वयस्कर कारकुनाने पेढा तोंडात टाकता टाकता म्हटलं होतं, "चला, हे दोन विभाग एकदाचे एकमेकांशी बोलायला तरी लागले."

पाणी बंद करायचं तर लेखी आदेश हवा, हा नियम तिला पाठ होता. पण नवऱ्याचंही काही चुकत नव्हतं. ओल्या जमिनीवर डांबर धरत नाही, हे तिने त्याच्याच शेजारी बसून कॉलेजात शिकलेलं होतं. तिने तिथूनच चावीमामांना फोन लावला.

चावीमामा म्हणजे पालिकेचे वॉल्व्हमन. जमिनीखालच्या वॉल्व्हवर बसवून फिरवायची छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते एकतीस वर्षं गावभर हिंडत होते. कुठल्या गल्लीचं पाणी कुठून जातं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पालिकेच्या नकाशाला तर मुळीच नाही.

"मामा, टेकडीचं पाणी आज संध्याकाळी बंद करा. उद्या रस्ता होतोय. सात नंबर बंद करा."

"रस्ता होतोय?" मामा जरा थांबले. "बरं. वर एक थेंब जाणार नाही, बाई. आणि मी उद्यापासून आठ दिवस नाही हं. भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. अर्ज दिलाय."

"हो, माहितेय. या जाऊन."

पाणी बंद झालं. दुसऱ्या दिवशी रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत, वळणावरसुद्धा कुठे सांधा न दिसणारा. संध्याकाळी घरी येताना नवऱ्याने स्कूटर मुद्दाम हळू चालवली. त्यांचं घर टेकडीवरच होतं, शेवटून तिसरं. "बघ," तो म्हणाला, "पोटातलं पाणी हलत नाही." तिलाही बरं वाटलं. त्याचं एखादं काम मनासारखं झालं की त्याचे कान लाल होत, आणि त्या दिवशी ते लाल झाले होते.

गुरुवारी सकाळी मामांच्या जागी आलेला बदली वॉल्व्हमन चावी घेऊन सात नंबर उघडायला गेला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला.

"बाई, वॉल्व्ह नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे रस्ता आहे. वॉल्व्ह खाली असेल."

"अरे, वर लोखंडी झाकण असतं ना!"

"तेही खालीच असेल, बाई. रस्ता फार छान झालाय. कुठे काही दिसतच नाही."

ती उठली आणि समोरच्या खोलीत गेली. नवरा रस्त्याचे फोटो बघत होता.

"तू सात नंबर गाडलास."

"हळू बोल." त्याने दाराकडे पाहिलं. "झाकणं वर उचलून घ्यायला मी ठेकेदाराला सांगितलं होतं."

"लेखी?"

त्याने फोटो बाजूला सारले. मग म्हणाला, "खणायला हरकत नाही. पण तुला माहितेय."

तिला माहीत होतं. नवा रस्ता तीन वर्षं खणायचा नाही, असा ठराव देखरेख समितीने केला होता, कारण मागे एकच रस्ता वर्षात सहा वेळा उकरला गेला होता आणि सहाव्या वेळी त्यात समितीच्याच एका सभासदाची सायकल गेली होती. आता खणायचं तर समितीची परवानगी हवी. आणि परवानगीच्या अर्जात रकानाच होता: पाणी कोणाच्या आदेशाने बंद करण्यात आले?

"ते तेवढं माझं नाव नको घालूस," नवरा म्हणाला.

"मग काय लिहू? आपोआप बंद झालं?"

"तसंही होतं कधीकधी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची बढतीची फाईल वर गेलेली होती, हे तिला ठाऊक होतं. तोंडी आदेशापायी मागच्या वर्षी त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस घरी बसला होता, हेही ठाऊक होतं. सगळं ठाऊक असूनही तिला राग आला, आणि ठाऊक असल्यामुळे तो धड काढताही येईना.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग आपण पत्रानेच बोलू."

दुपारी तिचं पत्र गेलं. मधल्या पाच पावलांच्या बोळातून शिपाई ते घेऊन गेला. *सात क्रमांकाचा वॉल्व्ह आपल्या विभागाच्या कामात डांबराखाली गेला असून टेकडी भागातील दोनशे बारा घरांचा पाणीपुरवठा बंद आहे. तरी तो तातडीने मोकळा करून द्यावा.* शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. *सदर ठिकाणी वॉल्व्ह असल्याची नोंद या विभागाकडे नाही. कृपया नकाशा सादर करावा.* खाली सही होती. त्या सहीतला शेवटचा फाटा तो नेहमी जरा लांब ओढायचा. लग्नाआधीच्या पत्रांत तिला तो फार आवडायचा.

तिने नकाशा काढला. नकाशा तिच्या वयाचा होता. सात नंबरसमोर कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं: *मोठ्या झाडापासून बारा पावले.* ते झाड रस्ता रुंद करताना कापलं गेलं होतं. पावलं कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

मग तिने मामांना फोन लावला. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा लागला तेव्हा मागे कुठल्यातरी दवाखान्यातला गलका ऐकू येत होता.

"मामा, टेकडीचं पाणी बंद केलं होतं ना?"

"काय?"

"टेकडीचं! बंद केलं होतं ना?"

"केलं की! का, आलं का पाणी?"

"नाही, नाही! घट्ट बंद केलंय ना?"

"अहो, एकदम घट्ट! तुम्ही अगदी—" आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही.

घरी सासूबाई होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा दोन्ही इंजिनिअर कचेरीत होते, म्हणून सासूबाई स्वतः बादली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत लोक काय काय बोलले, ते त्यांनी संध्याकाळी मुलाला आणि सुनेला एकत्र बसवून सांगितलं.

"एक जण म्हणाला, यांच्या घरात पाणी पण आणि रस्ता पण. मी म्हटलं, हो रे बाबा, फक्त नळाला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, ते मी आजवर नुसतं ऐकत होते. आता त्यातच राहतेय."

"आई, परवानगीचं चाललंय," मुलगा म्हणाला.

"कुणाची परवानगी?"

"समितीची. त्याआधी पाणी विभागाने नकाशा द्यायला हवा."

"आणि त्याआधी," सून म्हणाली, "रस्ते विभागाने मान्य करायला हवं की तिथे वॉल्व्ह आहे."

सासूबाईंनी एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. "अरे, पण तू परवा चहा पिताना तिला सांगितलंस ना, पाणी बंद ठेव म्हणून? मी इथेच होते की, शेंगा सोलत."

दोघंही एकदम बादल्यांकडे बघू लागले. सासूबाई उठल्या आणि लोटाभर पाण्यात सगळी भांडी कशी विसळता येतील, याच्या मागे लागल्या.

तिला लोकांचं बोलणं तितकंसं लागलं नाही. तिला लागली ती शेजारची दोरी. शेजारच्या घरात दीड महिन्याचं बाळ होतं. रोज सकाळी त्या दोरीवर पंधरा-वीस लंगोट फडफडत असत. शुक्रवारी सात होते. शनिवारी चार. बाळाची आई तिला बघून नेहमीसारखी हसली, एका शब्दाने काही म्हणाली नाही. त्या हसण्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं हिला वाटलं.

रविवारी दुपारी ती समितीच्या परवानगीचा अर्ज लिहायला बसली. *सदर वॉल्व्ह तांत्रिक कारणास्तव बंद स्थितीत आढळून आला,* असं एक वाक्य तिच्या हातून आपसूकच उतरलं. असली वाक्यं तिने बारा वर्षांत शेकड्याने लिहिली होती. तिला त्यांचा विचारही करावा लागत नसे.

सासूबाई मागून वाचत होत्या. "तांत्रिक कारण म्हणजे काय गं?"

"म्हणजे..." ती थबकली. "म्हणजे कुणाला सांगायचं नसलं की ते."

"अच्छा," सासूबाई म्हणाल्या. "मग मला गुडघ्याचं तांत्रिक कारण आहे, तेवढी बादली उचलून दे."

तिने बादली उचलून दिली. परत आली आणि त्या वाक्यावर रेघ मारली. दुसरं वाक्य मात्र सुचेना. तो रकाना तिने कोराच ठेवला.

मंगळवारी समितीची बैठक झाली. देखरेख समितीचे अध्यक्ष घड्याळजी होते. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं आणि लोकांनी त्यांना दोनदा निवडून दिलं होतं. बाकीचे सभासद ठराव ऐकत, घड्याळजी वाचत. मान खाली घालून, कागद डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून, घड्याळ उघडल्यासारखं. त्यांच्या बैठका त्यामुळे लांबत आणि अधिकारी त्यांना वैतागत. पण त्यांचा आवाज कधी चढत नसे, म्हणून भांडताही येत नसे.

त्यांनी तिचं पत्र वाचलं, नवऱ्याचं उत्तर वाचलं, नकाशा वाचला. मग अर्ज उचलला.

"मला एवढंच कळत नाही," ते म्हणाले, "हा रकाना कोरा का? पाणी कोणी बंद करायला सांगितलं?"

मोठे साहेब छताकडे बघू लागले. समोरच्या रांगेत तिचा नवरा स्वतःच्या पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

ती उठली. "मी सांगितलं. वॉल्व्हमनला, फोनवरून. तोंडी."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

घरून निघताना तिने ठरवलं होतं की विचारलं तर नाव सांगायचं. आता ते टोपणाचं टकटक ऐकताना ते तिच्या तोंडून निघेना. "रस्ते विभागाने," ती म्हणाली.

"तोंडी?"

"हो."

"बाई, विभागाला तोंड असतं का?" घड्याळजींनी हे थट्टेने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "कोणाच्या तरी तोंडानेच बोलला असेल ना विभाग?"

टकटक थांबली.

"माझ्या," नवरा उभा राहत म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. "माझ्या तोंडाने. मीच सांगितलं. झाकणं वर घ्यायला ठेकेदाराला पण मी तोंडीच सांगितलं होतं, आणि नंतर जाऊन बघितलं नाही."

इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर केली. "कुठे सांगितलं? म्हणजे, कोणत्या बैठकीत?"

"चहा पिताना."

"तसं कसं लिहिणार? कोणाच्या अध्यक्षतेखाली?"

"घरी हो. सकाळी. आई होती तिथे."

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळीच खोली हसली. मोठे साहेबही छतावरून खाली आले. कारकून घड्याळजींकडे बघत राहिला.

"लिहा," घड्याळजी म्हणाले. "चहा पिताना. जसं झालं तसं लिहा." हसू ओसरेपर्यंत ते थांबले. "माझ्याकडे गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन येतं. मी पहिलं विचारतो, हे आधी कोणी उघडलं होतं का? बहुतेक लोक नाही म्हणतात. घरी चाकूने उघडून बघितलेलं असतं, पण लाज वाटते. मग मी उगाच चांगला भाग काढत बसतो आणि मोडलेला तसाच राहतो. मला कुणाला शिक्षा करायची नसते हो. मला फक्त सुरुवात कुठून करायची, ते कळायला हवं असतं."

परवानगी मिळाली. एक खड्डा, हात-दीड हात रुंद, बुधवारी सकाळी, समितीसमक्ष. दोघांना एकेक ताकीदपत्रही मिळालं. त्यातला मजकूर अक्षरशः एकच होता, नुसते विभाग बदललेले.

त्या संध्याकाळी ती त्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी आली.

"तू नाव नाही घेतलंस," तो म्हणाला.

"तूच घेतलंस ना शेवटी."

"तू घेशील असं वाटलं होतं. मग तू घेतलं नाहीस, आणि मला जास्तच कसंतरी झालं."

त्याच्या खांद्यावरचा स्वतःचा हात तिने तसाच राहू दिला.

बुधवारी सकाळी टेकडीच्या रस्त्यावर अर्धी वस्ती जमली. घड्याळजी खुर्ची न घेता उभे होते. झाड कुठे होतं यावरच पहिला वाद झाला. ते ठरलं तेव्हा बारा पावलं मोजायला नवरा निघाला. तो उंच होता, त्याची पावलं थेट एका घराच्या पायरीपर्यंत गेली. मग बदली वॉल्व्हमनने मोजली. तो बुटका होता. शेवटी दोघांच्या मधोमध खूण केली आणि खणायला सुरुवात झाली.

पहिल्या खड्ड्यात दगड लागले. परवानगी एकाच खड्ड्याची होती, पण घड्याळजींनी खिशातून पेन काढून तिथल्या तिथे "एक"चे "तीन" केले आणि बाजूला सही केली. दुसऱ्या खड्ड्यात टेलिफोनची केबल लागली. ती कुणाच्याच नकाशावर नव्हती. तिसरा खड्डा खणताना नवरा तिकडे बघेना. आठ दिवसांपूर्वी ज्या रस्त्यावरून पोटातलं पाणी हलत नव्हतं, त्याला आता देवीचे व्रण असावेत तसे खळगे पडले होते.

तिसऱ्या खड्ड्यात पहारीखाली खणकन आवाज झाला. झाकण! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळाची आई बाळाला घेऊन दारात आली. सासूबाईंनी "हं, आता पटकन" म्हणून पदर खोचला, जणू चावी त्याच फिरवणार होत्या. बदली वॉल्व्हमनने चावी बसवली, जोर लावला, थांबला. दुसऱ्या बाजूने जोर लावला. पुन्हा थांबला.

"काय झालं? गंजलाय?" तिने विचारलं.

"नाही, बाई. मऊ आहे." तो खड्ड्यातून वर बघत म्हणाला. "हा उघडाच आहे."

"उघडा म्हणजे?"

"म्हणजे बंदच नाही. पूर्ण उघडा आहे."

इतक्यात गर्दीतून वाट काढत एक माणूस पुढे आला. काखेत पिशवी, पायांत प्रवासाची धूळ. चावीमामा बसमधून उतरून थेट घरी निघाले होते.

"अहो, नव्या रस्त्याचं हे काय केलंत?" ते खड्ड्यांकडे बघत म्हणाले. "काय हरवलंय?"

"मामा, सात नंबर! तुम्ही तो बंद केला होता ना?"

"सात? सातला मी हात कशाला लावू? तुम्हीच म्हणालात की रस्ता होतोय. झाकणावर डांबर पडलं तर उघडायचा कसा? मी चार नंबर बंद केला, वरच्या टाकीच्या आवारातला. त्याला चाळीस फेरे लागतात म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नाही, पण तिथे डांबर येत नाही ना." त्यांनी सभोवार पाहिलं. "का, अजून उघडला नाही?"

"पण मग सांगितलं का नाहीत?" तिचा आवाज रडवेला झाला होता. "मी फोनवर विचारलं होतं!"

"तुम्ही विचारलंत, बंद केलं का. मी म्हटलं, केलं. कुठून ते कुठे विचारलंत?"

नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, हे कुठेतरी लिहून तरी ठेवायचं!"

"लिहिलंय की. पंपावरच्या वहीत. तारीख, वेळ, चार नंबर, चाळीस फेरे, सही. एकतीस वर्षं रोज लिहितोय." मामांना जरा लागलं होतं. "खिळ्याला अडकवलेली असते."

सगळे बदली वॉल्व्हमनकडे वळले. तो खड्ड्यात होता तिथेच जरा खाली बसला. "ती वही होय? मी बघितली होती," तो म्हणाला. "पण वरती मामांचं नाव होतं. म्हटलं, खासगी असेल."

घड्याळजींनी हातातला अर्ज घडी घालून खिशात ठेवला. नकाशाचीही घडी घातली. "म्हणजे सगळ्या पालिकेत एकच लेखी नोंद होती," ते हळूच म्हणाले, "आणि आपण ती उघडायची सोडून बाकी सगळ्यांना पत्रं पाठवली."

मामांनी पिशवी सासूबाईंच्या हाती दिली, चावी खांद्यावर टाकली आणि टाकीकडे चालू लागले. पाऊण तासाने टेकडीवरचे नळ खोकले, थुंकले आणि वाहू लागले. शेजारच्या दोरीवर दुपारपर्यंत तेवीस लंगोट होते. तिने दोनदा मोजले.

खड्डे नवऱ्याने स्वतः उभं राहून बुजवून घेतले, झाकण नीट वर घेऊन. सांधे दिसायचे ते दिसलेच. बढतीच्या यादीत त्या वर्षी त्याचं नाव आलं नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ठीक आहे, बढती झाली असती तर दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं असतं."

आणि तिने एक काम काढलं. मामांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. त्यांच्या डोक्यात जे होतं, ते कागदावर यायला हवं होतं. ती दर रविवारी सकाळी मामांबरोबर गावातून फिरू लागली. ती वहीत लिही, आणि नवरा पिवळ्या रंगाचा डबा घेऊन मागून येई आणि झाकणांवर आकडे घाली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मामा सांगत: हा कोपऱ्यावरचा, उलटा फिरतो. हा शाळेमागचा, याला शेवटचे दोन फेरे हळू द्यायचे. तिला वाटे, हा माणूस उद्या घरी बसला तर आपल्या हाती नुसते पाइप राहतील.

चौथ्या रविवारी ते बाजाराच्या मागे एका झाकणापाशी आले.

"हा बारा नंबर," मामा म्हणाले. "कायम बंद. दर वर्षी तेल घालतो."

"कुठलं पाणी याचं?"

मामांनी मान खाजवली. "ते माहीत नाही."

"माहीत नाही?"

"माझ्या आधी जे होते त्यांनी चावी हातात देताना सांगितलं, बारा बंद ठेव. मी ठेवला."

"का बंद ठेवायचा?"

"ते नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

चावीमामा, ज्यांनी चार नंबर बंद करताना सगळ्या पालिकेपेक्षा पुढचा विचार केला होता, ते जरासे ओशाळले. "नाही हो," ते म्हणाले. "नवीन होतो. मग विचारायचं राहून गेलं. आणि मग ते गेले."

तिघंही झाकणाभोवती उभे राहून खाली बघू लागले.

"उघडून बघू?" नवरा म्हणाला.

"लेखी," ती म्हणाली. तिने वहीत तारीख घातली, वेळ घातली, *बारा क्रमांकाचा वॉल्व्ह पाव फेरा उघडून पाहणे* असं लिहिलं, खाली सही केली. नवऱ्याने सही केली, शेवटचा फाटा लांब ओढून. मामांनी पण केली. मग त्यांनी चावी बसवली. एकतीस वर्षं तेल खाल्लेला वॉल्व्ह लोण्यासारखा फिरला.

ते कान देऊन उभे राहिले. काही झालं नाही. मामांनी अजून अर्धा फेरा दिला. जमिनीखाली कुठेतरी घरघर झाली आणि ती बाजाराच्या दिशेने निघाली. तिघंही तिच्या मागे मागे, वरून, चालू लागले.

बाजाराच्या तोंडाशी दगडी कट्ट्यावर चांभार बसायचा. त्याच्या डोक्यामागे भिंतीतून एक लोखंडी तोटी बाहेर आलेली होती, आणि तिला त्याची पिशवी, छत्री आणि अर्धा डझन चपलांचे जोड टांगलेले होते. ते पोचले तेव्हा तोटी फुरफुरत होती. तिने आधी हवा सोडली, मग तांबूस चिखल, आणि मग चांभाराच्या पाठीवर स्वच्छ, थंडगार पाण्याची धार धरली. तो अरे अरे करत उठला. आजूबाजूचे भाजीवाले धावले. कुणी ओंजळ धरली, कुणी बादली आणली, एका म्हातारीने तिथेच उभं राहून तोंड धुतलं.

"नळ होता होय हा!" चांभार थक्क होऊन म्हणाला. "बापाच्या वेळेपासून बसतो इथे. मी याला खुंटीच समजत होतो."

"हे पाणी आता रोज येईल," ती त्याला म्हणाली. "तुमच्या दाराशीच आलं म्हणायचं."

चांभाराने ओल्या चपला एकेक करून खाली उतरवल्या, पिशवी पिळली, आणि वाहत्या नळाकडे बराच वेळ बघत राहिला.

"ते झालं, बाई," तो म्हणाला. "पण आता पिशवी कुठे अडकवू?"